बांडगूळ कोणास म्हणावें?

गेल्या उन्हाळ्यांत सणसरच्या शिवारांतील एका वस्तीवरून आम्हांस तातडीचें बोलावणें आलें. निरोप घेऊन आलेला मुलगा सायकलीवरून उतरतां उतरतां म्हणाला, “पाळकसाहेब, बाबांनी मामाच्या झाडावर कोयता उचललाय. आईनं तुम्हांला लगेच बोलावलंय.” कालव्याच्या कांठानें जातांना आम्ही मनाशीं धरून चाललों होतों कीं, हा बांधावरच्या एखाद्या लिंबाचा अथवा बाभळीचा तंटा असेल. असले तंटे मिटविण्याची आम्हांस संवय आहे. हा तंटा मात्र निराळा निघाला. त्यानें जो प्रश्न आमच्या गळीं घातला तो अजून पुरता सुटलेला नाहीं. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

वस्तीच्या अंगणांत एक जुना आंबा आहे. त्याच्या वरच्या फांद्यांवर बांडगूळ माजलें होतें आणि घरधनी सकाळपासून तें तोडून काढीत होते. यांत गैर कांहींच नव्हतें. बांडगुळाच्या फळांतील बीं फार चिकट असतें. फुलटोच्या नांवाचा एक इवलासा पक्षी तें फळ खातो, आणि अंगाला चिकटलेलें बीं फांदीला घासून टाकतो. तेथेंच तें रुजतें, सालींतून थेट लांकडांत शिरतें, आणि झाडानें जमिनींतून वर आणलेलें पाणी व क्षार वाटेंतच ओढून घेतें. त्याचीं पानें ओरबाडून भागत नाहीं. जेथें त्यानें गांठ धरली असेल तिच्या खालून फांदीच छाटावी लागते. घरधन्यांनीं तसेंच केलें होतें. मग ते शिडीवरून उतरले, तों त्यांची दृष्टि बुंध्याकडे गेली. तेथें सुतळीनें बांधलेली एक दुसरीच वनस्पति होती. तिचीं पानें जाड, पट्ट्यासारखीं, दोन्ही अंगांस पसरलेलीं. आणि मातीचा स्पर्शही नसलेल्या तिच्या राखी रंगाच्या मुळ्या सालीला कवटाळून इकडेतिकडे गेलेल्या. त्यांनीं कोयता तिच्यावरही उगारला. तेवढ्यांत त्यांचे मेहुणे आडवे आले.

या मेहुण्यांस सारी वस्ती मामा म्हणते, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं. मामा साठीच्या पुढें गेलेले आहेत. त्यांचें बहुतेक आयुष्य भोरच्या पश्चिमेस घाटरस्त्यांच्या कामावर, खडी फोडण्यांत व दरडी उपसण्यांत गेलें. लग्न केलें नाहीं. खोकला जडला, हात कांपूं लागले, मुकादमानें कामावर घेणें बंद केलें, तेव्हां चार वर्षांपूर्वीं ते धाकट्या बहिणीच्या घरीं येऊन राहिले. बहिणीच्या सासरीं भावानें कायमचें राहणें आपल्या लोकांत किती कमीपणाचें समजतात, हें येथें सांगावयास नको. येतांना त्यांच्याजवळ एक कपड्यांची पिशवी होती, आणि ओल्या गोणपाटांत गुंडाळलेली ही वनस्पति. वादळांत उन्मळलेल्या एका झाडाबरोबर ती रस्त्यावर येऊन पडली होती. मजूर त्या झाडाचें सरपण करीत असतां मामांनीं तेवढी ती सोडवून घेतली. (उभ्या झाडावरून ती ओढून काढणें हा वेगळा अपराध आहे. व्यापाऱ्यांच्या लोभानें कित्येक रानें या फुलांस मुकलीं, आणि त्यामुळेंच १९७५ सालीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें या सबंध कुळाच्या परदेशी व्यापारावर निर्बंध घातले आहेत.) तेव्हांपासून मामा रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी त्या मुळ्यांवर शिंपडीत असत. आपल्या कोरड्या हवेंत ती त्यावांचून जगली नसती.

मामा आडवे येतांच घरधनी बोलून गेले, “एक बांडगूळ दुसऱ्या बांडगुळाला राखतंय!”

हा शब्द चार वर्षें त्या घरांत कोणी उच्चारला नव्हता. परंतु तो घरांत होता. बहिणीनें पदर तोंडाला लावला आणि मुलाला आमच्याकडे पिटाळलें.

आम्ही गेलों, बाजेवर बसलों, पाणी प्यालों. सेमिनरींत असतांना आमच्या एका गुरूंस वनस्पतींचा नाद होता. त्यांच्या मागें हिंडून आम्हीही थोडेंबहुत शिकलों होतों. झाडाकडे पाहतांच आमच्या मनांत उजेड पडला, आणि खरें सांगावयाचें तर थोडा आनंदही झाला. कारण उपदेशकास आयता दृष्टांत मिळाला म्हणजे त्याला दुसऱ्याच्या दुःखाचा क्षणभर विसर पडतो. आम्ही बोलूं लागलों.

आम्हीं सांगितलें कीं, ही आमरी होय. आमरीचें कूळ पृथ्वीवर फार मोठें आहे. पंचवीस हजारांहून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक झाडांवरच राहतात. आपल्या महाराष्ट्रांतही शंभरांहून अधिक जाती आहेत. ही जी बुंध्यावर बसली आहे तिला सीतेची वेणी म्हणतात. मृगाच्या आगेमागें पानांच्या बगलेंतून हातभर लांबीचा घोस खालीं लोंबतो. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, शंभर शंभर फुलें एकमेकांस खेटून, जणूं कोणी वेणी गुंफून सोडली आहे. आसामांत हिला कोपौ म्हणतात. बिहूच्या नाचांत स्त्रिया ती केसांत माळतात, आणि त्या राज्यानें हिलाच आपलें राज्यपुष्प केलें आहे.

मग आम्ही मुद्द्यावर आलों. घनदाट पावसाळी रानांत सर्वांत दुर्मिळ वस्तु म्हणजे उजेड. उंच झाडें वर आकाश झांकून टाकतात आणि खालीं भर दुपारीं सांजवेळ असते. ज्या लहान रोपाला स्वतःचें खोड उंच करण्याचें बळ नाहीं त्यानें काय करावें? अंधारांत मरावें, किंवा कोणाच्या खांद्यावर बसून सूर्य पाहावा. आमरी खांद्यावर बसते. परंतु ती लांकडांत मुळी घालीत नाहीं. तिच्या मुळ्यांवर स्पंजासारखें मृत पेशींचें पांढुरकें वेष्टन असतें. पावसाचें, धुक्याचें, सालीवरून ओघळणारें पाणी तें शोषून घेतें. कोरडी असतां मुळी राखी दिसते. पाणी लागतांच वेष्टन पारदर्शक होऊन आंतला हिरवा रंग दिसूं लागतो. मामांनीं तेवढ्यांत उठून तांब्यांतलें पाणी शिंपडलें, आणि मुळ्या सर्वांदेखत हिरव्या झाल्या. अन्न ती आपलें आपण पानांत तयार करते. झाडावरून हिला अलगद उचलली, तर खालीं जखम सांपडणार नाहीं.

एवढ्यावर न थांबतां आम्हीं नांवाचीही गोष्ट सांगितली. हिची एक बहीण आपल्या कोरड्या मुलखांतील आंब्यांवरही वाढते. तिला बांदे अथवा रास्ना म्हणतात. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक विल्यम जोन्स यांनीं या जातीकरितां संस्कृतांतील वन्दाक शब्दावरून वांदा हें नांव योजिलें, आणि १८२० सालीं रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानें तें शास्त्रांत कायम केलें. परंतु संस्कृतांत वन्दाक म्हणजे झाडावर वाढणारें बांडगूळ! जिनें कोणाचें कांहीं घेतलें नाहीं तिच्या कपाळीं चोराचें नांव विद्वानांनींच कोरून ठेविलें. मग अडाण्यांस दोष काय द्यावा? शेवटीं आम्ही म्हणालों, “आधार घेणें वेगळें आणि आहार घेणें वेगळें. आधार घेणाऱ्यास बांडगूळ म्हणूं नये.”

आपण फार चांगलें बोललों असें आम्हांस वाटलें. घरधनी थोडा वेळ गप्प राहिले. मग कोयता भिंतीशीं टेकवून ते शांतपणें म्हणाले, “पाळकसाहेब, तुमची ती वेणी काही खात नाही. मान्य. पण हा माणूस दोन वेळ भाकरी खातो. औषधाला पैसे लागतात. मग हा कोण?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मामाच उठून म्हणाले, “दाजी खरं बोलतात,” आणि खोकत खोकत कालव्याच्या बाजूस निघून गेले. त्यांच्या मागोमाग त्यांची बहीण गेली. आम्ही ज्याचा कैवार घेण्यास आलों होतों त्याच्यावर आमच्याच दृष्टांतानें निकाल दिला होता. कांहींच न घेणारा निर्दोष, असें एकदां ठरलें कीं घेणारा तो बांडगूळ, हें ओघानेंच आलें. आणि मनुष्य तर घेतल्यावांचून एक दिवस जगत नाहीं.

घरीं परतल्यावर आम्ही पुष्कळ विचार केला, पुस्तकें उघडलीं, आणि प्रथम हें लक्षांत आलें कीं, आमरीविषयीं आम्हीं सांगितलें तें अर्धेंच होतें. आमरीचें बीं धुळीसारखें असतें. एका शेंगेंत तीं हजारोंनीं, कित्येक जातींत लाखोंनीं असतात. ज्वारीच्या दाण्यांत कोंवळ्या अंकुराकरितां शिदोरी भरलेली असते. आमरीच्या बियांत शिदोरी म्हणण्यासारखी नसतेच. मग तें रुजतें कसें? १८९९ सालीं नोएल बेर्नार या फ्रेंच तरुणास याचें उत्तर सांपडलें. सालीवरची अथवा मातींतली एक सूक्ष्म बुरशी बियांत शिरते, आणि तें बीं त्या बुरशीचा आहार करून वाढतें. पान फुटेपर्यंत, कित्येकदां महिनोन्महिने, आमरी सर्वस्वी दुसऱ्याच्या अन्नावर जगते. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत ल्युइस नडसन यांनीं दाखविलें कीं, बियांस साखर घातली तर तें बुरशीवांचूनही रुजतें. आपल्या भागांतील वाचकांस याचें नवल वाटेल: भवानीनगरच्या कारखान्यांत आपला ऊस गाळून जी वस्तु निघते, तीच या रानफुलाचें आईचें दूध होऊं शकते.

म्हणजे आमरी घेते. झाडाचें घेत नाहीं, परंतु कोणाचें तरी घेते. आणखीही आहे. आमरींच्या जातींपैकीं जवळजवळ एक-तृतीयांश जाती मधमाश्यांस व इतर कीटकांस मधाचें आमिष दाखवितात आणि मध देत नाहींत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्या फांदीवर यांचा व शेवाळाचा फार भार होतो ती ओल्या वाऱ्यांत मोडतेही. ज्या फुलास आम्हीं साधूचा वेष चढविला होता त्याचा हिशोब इतका स्वच्छ नव्हता.

उलटपक्षीं ज्याला आम्हीं चोर ठरविलें त्या बांडगुळाचीं पानें हिरवीं असतात. आंब्याचें पाणी तें चोरतें हें खरें. परंतु त्या पाण्यापासून अन्न करण्याचें काम बहुतांशीं स्वतःच करतें. अंगीं हिरवेपणा जवळजवळ नसलेली, सर्वस्वी दुसऱ्याच्या रसावर माजणारी अशी म्हणावयाची तर ती अमरवेल. आणि तिला नांव कसें सुंदर मिळालें आहे पाहा! ज्वारीच्या मुळ्यांवर वाढणाऱ्या टारफुल्याचें फूल पाहून कोणास वाटेल कीं, खालीं याचा काय उद्योग चालला आहे? खुद्द आंबाही मुळ्यांभोंवतीच्या बुरशीकडून क्षार घेतो व तिला आपल्या पानांतली साखर देतो. घरधन्यांची कसोटी लावली तर रानांत कोणीही उतरणार नाहीं. सर्वच घेतात. प्रश्न निराळा आहे, आणि तो आम्हीं त्या दिवशीं विचारलाच नाहीं.

तो प्रश्न आम्हांस कालव्यानें सुचविला. इंदापूर तालुक्यांत पाऊस पडतो तो वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. १८७६-७८ च्या दुष्काळांत या मुलखाचे काय हाल झाले तें म्हातारे लोक त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकत आले. पुढें १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा झाला आणि त्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरकडे ऊस उभा राहिला. हें पाणी येतें कोठून? जेथें सीतेची वेणी झाडांवर लोंबते त्याच डोंगरांतून. भोरजवळ भाटघर येथें वेळवंडी नदी अडविली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें धरण झालें, आणि १९२० च्या दशकांत त्याहून मोठें बांधलें. त्या पाण्याखालीं दुसऱ्यांचीं शेतें गेलीं, घरें गेलीं. कांबरेश्वराचें जुनें देऊळ वर्षाचे बहुतेक महिने पाण्यांत असतें आणि उन्हाळ्याच्या अखेरीस धरण आटलें म्हणजे वर निघतें. तेव्हां लोक होडींतून अथवा चिखलांतून तें पाहावयास जातात. सणसरच्या त्या अंगणांतला आंबा तेथल्या कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर उभा आहे. घरधन्यांचा ऊसही. आमच्या घरचा चहा गोड होतो तोही. तेथील शेतकऱ्यानें येऊन आम्हां सर्वांस एकच शब्द वापरला, तर त्याचें तोंड कोण धरणार?

यावरून कोणी असें म्हणेल कीं, सर्वच घेतात तर मग घेण्यांत दोष उरलाच नाहीं. हें आम्हांस मान्य नाहीं. टारफुला ज्वारी मारतो. घरांत एखादा धडधाकट मनुष्य पत्ते कुटीत भावाच्या जिवावर बसतो. सावकार मुद्दल फिटल्यावरही व्याज ओढतो. येथें घेणाऱ्याची मुळी देणाऱ्याच्या लांकडांत आहे, आणि देणारा वाळला तरी त्याला त्याचें कांहीं नाहीं. म्हणून आमच्या मतें विचारावयाचें तें हें: याला उभें राहण्यास दुसरी जागा होती काय? याच्या घेण्यानें देणारा वाळतो काय? आणि जेव्हां याच्याजवळ होतें तेव्हां यानें काय केलें? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या घरच्या बाईकडून मागाहून समजलें. तिच्या लग्नाचा खर्च आणि पुढें विहिरीच्या मोटारीचे पैसे घाटांत खडी फोडून मामांनींच धाडले होते. घरधन्यांस हें ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि कोयता हातांत असतांना आठवणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आमरीच्या बाबतींतही असेंच कांहीं निघालें. २००६ सालीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं जमिनींत वाढणाऱ्या एका हिरव्या आमरीवर प्रयोग करून दाखविलें कीं, मोठी झाल्यावर ती आपल्या पानांत केलेल्या साखरेचा अंश बुरशीस परत देते. तोंपर्यंत पुष्कळांची समजूत होती कीं, आमरी नुसती घेते. जो केवळ तिचें बाळपण पाहील तो तिला ऋणबुडवी म्हणेल. मामांच्या बाबतींत घरधन्यांनीं नेमका उलट शेवट पाहिला, एवढाच फरक. आणि मामांनीं पूर्वीं कांहींही धाडलें नसतें तर? तर त्यांस हांकलावें होतें काय? हा प्रश्न आम्हीं स्वतःस अनेक वेळां विचारला. आमचें मन नाहीं म्हणतें. परंतु त्याचें कारण आम्हांस झाडापानांत सांपडत नाहीं. झाड कोणास हांकलीत नाहीं आणि बोलावीतही नाहीं. फांदी पुढें आहे म्हणून आमरी बसते. मनुष्याला मात्र दार आहे, आणि तें उघडें ठेवणें किंवा लावणें हें त्याच्याकडे आहे. म्हणून वनस्पतींचे दृष्टांत एका पायरीपर्यंत चालतात व तेथें थांबतात.

घरधन्यांची बाजूही लिहिली पाहिजे. ते कठोर नाहींत. त्या वर्षीं उसाच्या बिलास उशीर झाला होता, थोरल्या मुलीचें शिक्षण चाललें होतें, आणि मामांच्या औषधाचा खर्च दर महिन्यास येई. भाकरी त्यांच्या घरची जात होती. आमच्या घरची फक्त दृष्टांताची जात होती, आणि त्याला कांहीं लागत नाहीं. हें ध्यानांत आल्यावर आम्हांस लाज वाटली. पुढच्या बैठकींत, कोणाचें नांव न घेतां, औषधाचा निम्मा भार मंडळीनें उचलावा असें ठरलें. घरधन्यांस तें आवडलें नाहीं. त्यांनीं दोन महिने घेतलें आणि मग निरोप पाठविला, “आमचं आम्ही बघू.”

आषाढाच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही पुन्हां त्या वस्तीवर गेलों. वेणीचा बहर सरत आला होता. खालचीं फुलें कोमेजलीं होतीं, टोंकाचीं अजून ताजीं होतीं. बुंध्यावरची जुनी सुतळी कुजली असावी, कारण तेथें नायलॉनची नवी निळी दोरी होती, आणि तिची गांठ बैलाच्या दाव्याला मारतात तशी घट्ट होती. मामांचे हात कांपतात. ती गांठ त्यांची नव्हती. आम्हीं कांहीं विचारलें नाहीं.

वरच्या फांदीवर बांडगूळ पुन्हां फुटलें होतें. घरधनी कोयता घेऊन वर चढले होते आणि तेथून ओरडत होते, “नीट धरा हो, हलतीय!” शिडी खालून मामांनीं धरली होती.